देवीने नेलेली नावं

कलकत्ता विद्यापीठाचं माहितीपत्रक वालाच्या परातीत पडलं, तेव्हा मंदाकिनीबाईंना मनातून बरं वाटलं. त्यांनी ते पाडलं नव्हतं, देवाशपथ नव्हतं पाडलं. पण पडल्यावर उचलायची घाईही केली नाही. मोड आलेले वाल कोमट पाण्यात तरंगत होते, त्यांच्यात घटकाभर कलकत्ताही तरंगलं.

"अगं आई, भिजतंय ते!" नीलाने झडप घालून पत्रक उचललं आणि पदराने टिपलं.

"भिजू दे की. एवढ्या लांबून आलंय, आंघोळ होईल त्याची."

कल्याणच्या पारनाक्यावर, कर्णिकांच्या माडीवर, १९५४ सालच्या फेब्रुवारीतला तो रविवार असा सुरू झाला. घरात बिरडं असलं की सोलायला सगळ्यांनी बसायचं, हा घरचा कायदा. त्यातून बी.ए.च्या परीक्षेला बसणारी मुलगी सुटत नसे आणि कर्ता पुरुषही सुटत नसे. श्रीपादराव तर सोलण्यात दोघींच्या पुढे. त्यांनी चिमटीत नुसतं दाबलं की दाणा अख्खा सुटायचा, मोड मोडायचा नाही. तीस वर्षं तान्ह्या पोरांच्या दंडावर काम केलेला हात तो, त्याला नाजूक वस्तूशी कसं वागायचं ते कळत होतं.

ते जिल्हा लोकल बोर्डाकडे व्हॅक्सिनेटर होते. लोक म्हणत देवी डॉक्टर. यातला 'डॉक्टर' हा शब्द लोकांच्या चांगुलपणाचा, कारण श्रीपादरावांची मजल मॅट्रिकपाशीच थांबली होती. ते नाडी बघत नसत, औषध देत नसत. खांद्याला पिशवी, पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या लशीच्या नळ्या, टोचायचं एक लॅन्सेट आणि एक लांबलचक रजिस्टर, एवढं घेऊन हिवाळाभर गावं आणि पाडे पालथे घालायचे. पोरांना देवी टोचायच्या, आठवड्याने जाऊन त्या उठल्या का ते बघायचं, आणि रजिस्टरात लिहायचं: नाव, बापाचं नाव, वय, जात, निकाल. संपलं काम. याच कामावर माणूस इन्स्पेक्टर होतो, सायकलभत्ता घेतो, तालुक्याच्या गावी खुर्चीवर बसतो. श्रीपादराव झाले नाहीत. ते का झाले नाहीत, हे पारनाक्यापासून ठाण्याच्या नौपाड्यापर्यंत सगळ्या नातलगांना ठाऊक होतं आणि घरात कोणी बोलत नसे.

"तर आता तीन झाली," नीला बोटांवर मोजत म्हणाली. "मुंबई, कलकत्ता आणि लखनौ."

"मुंबई चांगली," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "सकाळी डबा घेऊन जायचं, दिवेलागणीला घरी."

"मुंबईला हा विषय समाजशास्त्राच्या पोटात थोडासा मिळतो गं. मला मानववंशशास्त्रच करायचंय. पोटातलं नकोय."

"आणि ते म्हणजे नक्की काय? माणसं शिकायची? माणसं काय शिकायची त्यात? घर भरून माणसं आहेत, स्वयंपाकघरात ये, मी शिकवते." एवढं बोलून त्यांनी मुद्द्याला हात घातला. "दौलतभावजींनी नौपाड्यातलं स्थळ सांगितलंय. मुलगा सेक्रेटरिएटमध्ये आहे. आणि ही चालली हाडं मोजायला!"

हाडं मोजायला हे अगदीच खोटं नव्हतं. कलकत्त्याच्या पत्रकात कवट्यांच्या मापांची दोन पानं होती. गुण चांगले असले की तिथे प्रवेश मिळत होता. लखनौचं मात्र वेगळंच. तिथून छापील पत्रक नव्हतं, हाताने लिहिलेलं पत्र आलं होतं, आणि नीलाने ते कालपासून चार वेळा वाचलं होतं. तिथल्या प्राध्यापकांनी लिहिलं होतं, की तुमचे गुण आम्ही बघूच. पण त्याआधी तुम्ही स्वतः डोळ्यांनी पाहिलेल्या एखाद्या रीतीवर दहाबारा पानांचं टिपण मार्चअखेर पाठवा. पुस्तकातून उतरवलेलं नको. टिपण पसंत पडलं तर प्रवेश आणि मुलींच्या वसतिगृहात जागा, दोन्ही देऊ.

"आता मी काय पाहिलंय?" नीला वाल सोडून बापाकडे बघत होती. "कल्याण स्टेशन आणि कॉलेजची लायब्ररी. दादा, मला तुमच्याबरोबर फिरतीवर न्याल?"

श्रीपादरावांच्या चिमटीतला वाल पहिल्यांदाच मोडला. तीस वर्षांत त्यांच्या कामाबद्दल घरातल्या कोणी काही विचारलं नव्हतं. विचारण्यासारखं काही आहे असं त्यांनाही वाटलं नव्हतं.

"परवा खडवलीला जायचंय," ते म्हणाले. "नदीपलीकडच्या पाड्यावर. उन्हातून चालावं लागेल."

"चालेन."

"चालेल, चालेल," मंदाकिनीबाई वालांना म्हणाल्या. "बापाच्या वळणावर गेलीय, चालायचंच तिने."

* * *

पाडा जेमतेम वीस-बावीस झोपड्यांचा. खडवलीला उतरून भातसा नदीचा उतार ओलांडायचा आणि पुढे तासभर माळावरून चालायचं. नीलाने नवी वही घेतली होती, दोन पेन्सिली घेतल्या होत्या आणि उत्साह तर पिशवीत मावत नव्हता. श्रीपादराव चिंचेखाली बसले तसं त्यांच्याभोवती बायांचं रिंगण झालं. मध्ये बसली चांगुणा म्हातारी. पाड्यातल्या झाडून साऱ्या पोरांची ती आजी. कोणाची सख्खी, कोणाची चुलत, कोणाची नुसतीच.

नीलाने आपल्या बापाला कधी काम करताना पाहिलं नव्हतं. घरी सांगितल्याशिवाय पाणीही न मागणारा हा माणूस इथे पोरांशी गप्पा मारत होता. पोर रडायच्या आत टोचून मोकळा होत होता. बाया त्याच्या अंगावर पोरं अशी टाकत होत्या, जशी माहेरच्या माणसाच्या अंगावर टाकावीत. नीलाला आपल्या बापाचा अभिमान वाटला, आणि तो वाटायला वीस वर्षं लागली याची लाजही वाटली.

पण हे सुख तासभरच टिकलं.

झालं असं, की एका बाईने पोराला हाक मारली, "ए बुध्या, हितं ये!" बुध्या आला, टोचून घेतलं, रडला. श्रीपादरावांनी बाईला विचारलं, "नाव?" बाई म्हणाली, "गोमा." श्रीपादरावांनी लिहिलं, गोमा. नीलाला वाटलं, ऐकण्यात चूक झाली असेल. पुढची मुलगी बारकी. रजिस्टरात लागली राघी. मग नीला कान टवकारून बसली. एका बाजूला पोरांना मारलेल्या हाका ती वहीत लिहू लागली आणि दुसऱ्या बाजूला वडिलांचं रजिस्टर. नऊ पोरं झाली. नवांतलं एकही नाव जुळेना. आणि वडिलांना ते कळत नव्हतं असंही नाही. "ए बारके, हात सरळ धर," असं ते स्वतःच म्हणाले आणि त्याच हाताने राघी लिहिलं.

नीला चार वर्षांची असताना जे झालं ते तिला आठवत नव्हतं, पण ऐकून माहीत होतं. अडतीस साली तपासणीला वरचे साहेब आले होते. त्यांनी याच भागातल्या कुठल्याशा पाड्यावर श्रीपादरावांचं रजिस्टर उघडून तेवीस नावं मोठ्याने पुकारली. तेवीसांतलं एकही पोर पुढे आलं नाही. साहेबांनी सर्व्हिस बुकात शेरा मारला, 'खोट्या नोंदी', आणि इन्स्पेक्टरची जागा दुसऱ्याला गेली. नौपाड्याच्या दौलतकाकांनी त्यावर एक वाक्य तयार केलं होतं आणि लग्नामुंजीत ते आजतागायत वाढलं जात होतं: "आमच्या श्रीपादने कागदावर पोरं टोचली." नीलाने आजवर ते वाक्य खोटं मानलं होतं. आज तिच्या डोळ्यांदेखत खोटी नावं लिहिली जात होती.

परतताना खडवली स्टेशनच्या बाकावर बसल्यावर तिला राहवलं नाही.

"दादा, दौलतकाका म्हणतात ते खरं आहे का?"

श्रीपादराव पिशवीतून पाण्याची बाटली काढत होते. ते थांबले. रागावले नाहीत. तिच्या मांडीवरची वही त्यांनी घेतली, नऊ नावांच्या दोन ओळी बघितल्या आणि मान डोलावली.

"तुला एका दिवसात कळलं," ते म्हणाले. "मला दोन वर्षं लागली."

"काय कळलं?"

"गोमा हा बुध्याचा चुलता. राघी कोणाची तरी आत्या. सगळी देवीच्या साथीत गेलेली माणसं आहेत ती. ह्या बाया काय म्हणतात, की देवी येते ती नावाने हाक मारून माणूस नेते. पोराचं खरं नाव कागदावर चढलं तर ते तिला सापडणार. पण जे नाव तिने एकदा नेलंय, त्या नावासाठी ती पुन्हा येत नाही. म्हणून लिहायला मेलेल्याचं नाव द्यायचं."

गाडीची घंटा झाली तरी नीलाचं लक्ष नव्हतं.

"मग अडतीस साली..."

"साहेब नावं पुकारायला लागले, तशा बायांनी पोरं उचलली आणि रानात पळाल्या. त्या कशाला थांबतील? मेलेल्यांना हाका मारणारा माणूस आला होता!" श्रीपादराव किंचित हसले. "साहेबांना दिसला मोकळा पाडा आणि हातातलं रजिस्टर. त्यांचंही चुकलं नाही."

"पण तुम्ही सांगायचंत ना!"

"काय सांगू? की बाया खोटी नावं देतात आणि मला ते माहीत आहे? दुसऱ्या दिवशी पोलीस पाटील खरी नावं वदवून घ्यायला आला असता. त्यानंतर एका आईने पोर माझ्यापुढे आणलं नसतं." त्यांनी वही मिटून तिच्या मांडीवर ठेवली. "आणि त्यांना हसू कोणत्या तोंडाने? आमच्याकडे, पारनाक्यावर, शिकल्यासवरल्या घरात, देवी डॉक्टर आला की मला आणि महिपतला माळ्यावर लपवायचे. मी वाचलो. महिपत दहा वर्षांचा होऊन देवीत गेला. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो."

महिपतकाकांचं नाव नीलाला माहीत होतं. दर सर्वपित्रीला घरात त्यांच्या नावाने एक पान वाढलं जायचं. ते कशाने गेले, हे तिने कधी विचारलं नव्हतं.

"बेचाळीस साली पलीकडच्या दोन वाड्यांत देवी आल्या. ह्या पाड्यात एकही पोर गेलं नाही," श्रीपादराव म्हणाले, आणि एवढं पुरे झालं अशा बेताने बाटलीचं बूच लावलं.

गाडीत नीलाचे डोळे लकाकत होते. "दादा, हेच! लखनौचं टिपण हेच! असं कोणाकडे असणार? आणि तुमच्यावरचा डागही जाईल!"

"नाही."

"का?"

"तू लिहिणार, ते छापणार, कोणी ते वाचणार. पाड्याचं नाव, बायांची नावं. जे मी सोळा वर्षं तोंडातून काढलं नाही, ते माझ्या मुलीने इंग्रजीत मांडायचं? नाही, नीले. दुसरं काहीही लिही."

* * *

नीलाने दुसरं काहीही लिहून बघितलं. वटपौर्णिमेवर लिहिलं आणि फाडलं. बिरडं सोलण्याच्या रीतीवर लिहायला बसली आणि स्वतःच हसली. मार्चची दहा तारीख उलटली, तसा तिने कपाटातून मुंबईचा अर्ज काढला आणि गुपचूप भरायला घेतला. रडणं नाही, आदळआपट नाही. चांगल्या मुलींची ही वाईट खोड असते. त्या आपलं मन मारतात आणि वर अक्षरही सुरेख काढतात.

खरं तर मंदाकिनीबाईंनी आता साखर वाटायची. मुंबई म्हणजे डबा, दिवेलागण आणि नौपाड्याचं स्थळ. पण आई झाली तरी तिला डोळे असतात. संध्याकाळी श्रीपादराव आल्यावर त्यांनी चहाचा कप पुढे ठेवला आणि कप उचलायच्या आत विचारलं:

"त्या दिवशी खडवलीला काय झालं?"

श्रीपादरावांनी टाळून बघितलं. पण मंदाकिनीबाईंनी हालायचं नाव काढलं नाही, तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. सोळा वर्षांचं सगळं. चहावर साय धरली.

मंदाकिनीबाईंनी पदर तोंडाला लावून जे रडून घेतलं, ते बघून श्रीपादराव घाबरले.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू दौलतला सांगितलं असतंस."

"सांगितलंच असतं! त्याच्या छातीवर बसून सांगितलं असतं! सोळा वर्षं, अहो, सोळा वर्षं मी प्रत्येक लग्नात मागच्या पंगतीला बसले. मला वाटायचं, माझ्या नवऱ्याने कंटाळा केला असेल, उन्हातून चालायला नको म्हणून घरी बसून नावं लिहिली असतील. मीच तुम्हाला तसं समजले हो. देवा!"

पाडा राखण्याच्या नादात आपण बायकोला किती वर्षं उन्हात उभं ठेवलं, हे श्रीपादरावांच्या ध्यानात आलं नव्हतं. ते आता आलं आणि फार लागलं.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

मंदाकिनीबाईंनी डोळे पुसले, चहा नेऊन पुन्हा गरम करून आणला आणि बैठक मारून बसल्या. त्यांचा आवाज आता नेहमीचा झाला होता.

"पोरीला लखनौला पाठवा."

"अगं, पण ते टिपण..."

"टिपण लिहू दे की नको, हे तुम्ही कोण ठरवणार? नावं काय तुमची आहेत? ज्या बायांची आहेत त्यांना विचारा. त्या नको म्हणाल्या तर मुंबई. पण विचारल्याशिवाय तिने मन मारायचं, हे मला चालणार नाही. एक माणूस मन मारून बसलेलं घरात आहे तेवढं पुष्कळ झालं."

* * *

चिंचेखाली या खेपेला टोचणं नव्हतं. श्रीपादराव रजिस्टर न घेता आले होते, त्यामुळे बायांना काहीतरी वेगळं आहे हे लांबूनच समजलं. नीलाने चांगुणेला सगळं सरळ सांगितलं. मला लांबच्या गावी शिकायला जायचंय. तिथल्या मास्तरांनी विचारलंय, तू काय बघितलंस. मी हे बघितलं. लिहू का?

म्हातारीने तोंडातली तंबाखू या गालातून त्या गालात नेली.

"कवढं लांब?"

"गाडीने दीड दिवस."

"आनि ह्यो मास्तर देवीला वळखतो?"

"नसावा ओळखत."

बाया हसल्या. चांगुणा हसली नाही. ती श्रीपादरावांकडे बघत होती.

"डाक्तरला समदं ठावं हाय, ह्ये आमाला बी ठावं होतं," ती म्हणाली. "त्या सायबाच्या टायमाला आमी रानातनं बघत होतो. सायेब वरडला, ह्यो उभा. आमाला वाटलं, आता सांगल. नाय सांगलं. तवापासनं ह्येच्या हातात पोर देताना आमी डोलं झाकून देतो."

श्रीपादरावांनी मान खाली घातली आणि पायाने चिंचेचा पाला सारखा करत राहिले. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, आपण त्या दिवशी एकटेच उभे होतो.

"लिव," चांगुणा नीलाला म्हणाली. "पन खरी नावां लिवायची नाय. डाक्तरला दिली ती बी नको, ती पोरांना लागली आता. आमी तुला दुसरी देतो. मेलेल्यांची काय कमी हाय? आनि पाड्याला त्या टेकडीमागल्या वाडीचं नाव दे. तिथं आता कोन नाय राह्यलं, देवीनं समदी नेली. तिला तिथं परत काय बी काम नाय."

नीला भराभर लिहून घेऊ लागली. एकेक बाई येऊन एकेक नाव देत होती. कोणी सासऱ्याचं, कोणी बहिणीचं. एक जण नाव सांगताना रडली, बाकीच्यांनी तिला रडू दिलं.

"आनि डाक्तरचं?" म्हातारीने विचारलं. "त्येचं बी लिवनार न्हवं? मंग त्याला बी नाव लागंल. पन आमच्यातलं नाय चालायचं. ज्येचं त्येच्या घरचं पायजे. ते तुझं तू बघ."

* * *

टिपण मार्चच्या अठ्ठावीस तारखेला रजिस्टर पोस्टाने गेलं. मे महिन्यात लखनौहून उत्तर आलं. प्रवेश दिला आहे, वसतिगृहात जागा ठेवली आहे, आणि तळाला त्याच हाताने लिहिलेली एक ओळ होती: नावं बदलण्याची तुमची पद्धत मला पटली, ती तुम्हाला कोणी शिकवली, ते आल्यावर सांगा. जूनमध्ये बी.ए.चा निकालही चांगला लागला. मुंबईचा अर्ज मंदाकिनीबाईंनी चुलीजवळच्या फळीवर डब्याखाली अंथरला. नौपाड्याला जाऊन दौलतभावजींना स्थळासाठी नकार कळवून आल्या. आणखी काय काय कळवलं ते त्यांनी सांगितलं नाही. पण त्यानंतरच्या मुंजीत दौलतरावांनी ते वाक्य वाढलं नाही, आणि मंदाकिनीबाई पहिल्या पंगतीला बसल्या.

जुलैत नीला गेली. आईने दिलेले कानवले दोन दिवस पुरतील असे नव्हते, दोन महिने पुरतील एवढे होते. जाताना तिने बापाच्या हातात टिपणाची कार्बन प्रत ठेवली. म्हणाली, सवडीने वाचा.

श्रीपादरावांना सवड होती, इंग्रजी कमी होतं. पावसाळ्यात फिरती नसे. रोज संध्याकाळी ते शब्दकोश घेऊन खिडकीत बसत आणि अर्धं पान पुढे सरकत. पाडा सापडला, पण दुसऱ्याच नावाचा. चांगुणा सापडली, तिलाही दुसरं नाव होतं. अडतीस सालचे साहेब सापडले. त्यांना नीलाने नाव दिलं नव्हतं, आणि वाईटही म्हटलं नव्हतं. हे श्रीपादरावांना आवडलं. सातव्या पानावर एक देवी टोचणारा आला. तेवीस नावं पुकारली जात असताना तो गप्प उभा होता, असं तिथे लिहिलं होतं. शब्दकोश न बघता त्यांना ती ओळ कळली. खाली तळटीप होती, की या माणसाचं खरं नाव दिलेलं नाही. इथे त्याला महिपत म्हटलं आहे.

ते बराच वेळ त्या शब्दावर बोट ठेवून बसले. स्वयंपाकघरातून मंदाकिनीबाईंनी दोनदा हाक मारली, ती त्यांना ऐकू आली नाही. माळ्यावर एकमेकांचं तोंड दाबून बसलेली दोन मुलं त्यांना आठवली. मग त्यांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले, आणि कागद नीट जुळवून रजिस्टराच्या शेवटच्या पानात ठेवले.

दिवाळी झाली आणि फिरती सुरू झाली. पहिलीच फेरी खडवलीची. चिंचेखाली रिंगण झालं. एका नव्या आईने पोर पुढे केलं. ते पावसाळ्यात जन्मलेलं, अजून मान न धरलेलं होतं. श्रीपादरावांनी नळीची लस दंडावर सोडली, लॅन्सेट टेकवलं आणि पोर रडायच्या आत हात काढून घेतला.

"पोर पोचली काय तिकडं?" चांगुणेने विचारलं.

"पोचली. अभ्यास चाललाय."

"तुला काय नाव दिलंन?"

"महिपत. माझा थोरला भाऊ."

"देवीत गेलेला?"

"हो. दहा वर्षांचा होता."

म्हातारीने त्यांच्याकडे निरखून बघितलं. पदर सावरला आणि समाधानाने मान हलवली.

"ब्येस झालं," ती म्हणाली. "पोरगी शानी हाय. मंग तुला बी आता भ्या नाय."

श्रीपादरावांनी पेनचं टोपण काढलं, मांडीवर रजिस्टर सारखं केलं आणि नव्या आईला विचारलं, "नाव?"